तारखेपासून तारखेपर्यंत

आमच्या घरात ‘तारीख’ हा शब्द दोन वेळा नांदायला आला आणि दोन्ही वेळा निरनिराळ्या अर्थांनी नांदला. वडील जिल्हा न्यायालयात शिरस्तेदार होते. त्यामुळे तारीख पडणे, तारीख लागणे, तारीख तहकूब होणे हे वाक्प्रचार आम्ही भावंडांनी पाढ्यांच्या बरोबरीने पाठ केले होते. वडील निवर्तल्यावर तो शब्द घरातून जवळजवळ नाहीसा झाला, आणि पुढे माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, उजव्या स्तनात गाठ आढळली तेव्हा मुंबईच्या एका रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागातून तो परत आला. शस्त्रक्रियेची तारीख, केमोची तारीख, ‘लाईट’ घेण्याची म्हणजे किरणोपचाराची तारीख, अशा तारखांच्या माळेने तिचे आठ महिने ओवले गेले. शेवटच्या दिवशी खिडकीमागच्या कारकुनाने फाइलवर शिक्का उमटवला, तीन महिन्यांनंतरची तारीख लिहिली आणि पुढच्या बाईला हाक मारली. अक्का त्या खिडकीसमोर जरा जास्तच वेळ उभी राहिली. इतके दिवस दोन-तीन आठवड्यांआड कोणी ना कोणी जाणता माणूस आपल्याकडे निरखून पाहत होता, तो आजपासून पाहणार नाही, हे तिला त्या खिडकीशी उमगले, असे तिने मला पुष्कळ वर्षांनी सांगितले. त्या दिवशी मात्र ‘चल, गाडी गाठू’ एवढेच म्हणाली होती.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय हा खिडकीपासून पुढचा काळ आहे. ज्या बावीस स्त्रियांनी मिळून ते लिहिले आहे त्या दर महिन्याच्या पहिल्या रविवारी एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात जमतात. त्यांच्यापैकी सर्वांत नवीन बाईचे उपचार संपून अकरा महिने झाले आहेत, सर्वांत जुनीचे सव्वीस वर्षांपूर्वी संपले. त्यांनी आपापली नावे घालू दिलेली नाहीत आणि त्यामागचे कारण वाचकाला पुढे कळेलच. मला प्रस्तावना लिहिण्याचा अधिकार कोणता, असे मी त्यांना विचारले, तेव्हा ‘तुम्ही शुद्धलेखन तपासलेत आणि अक्कांबरोबर खेपा घातल्यात, तेवढा पुरे’ असे उत्तर मिळाले. या उत्तरावर अपील नव्हते.

प्रथम या स्त्रियांना म्हणावे काय, हाच प्रश्न. ‘रुग्ण’ म्हणावे तर त्या घरचे सगळे करतात, नोकऱ्या करतात, सुनांशी भांडतात; ‘बरी झालेली’ म्हणावे तर कोणताही प्रामाणिक वैद्य तो शब्द कागदावर लिहून देत नाही. अलीकडे वृत्तपत्रांना ‘कर्करोगविजेती’ या शब्दाचा मोह पडला आहे आणि ऑक्टोबर महिन्यात गुलाबी फिती लावून, शाल-श्रीफळ देऊन या विजेत्यांचे सत्कार होतात. मला या शब्दाची अडचण वाटते ती अशी की, विजय म्हटला की पराजय आपोआप गृहीत धरला जातो. मग जिचे दुखणे उलटले ती काय कच्ची लढली? ज्या रविवारच्या बैठकीत असा शब्द कोणी उच्चारला त्या बैठकीत एक खुर्ची नुकतीच रिकामी झाली होती, आणि त्यानंतर तो शब्द तेथे पुन्हा कोणी काढला नाही. त्या स्वतःला ‘जुन्या’ आणि ‘नव्या’ म्हणतात. ‘ती जुनी आहे, तिला विचार’ हे वाक्य मी तेथे अनेकदा ऐकले, आणि कोशात नसला तरी याहून नेमका शब्द मला सुचलेला नाही.

गावात तर आजाराचेच नाव घेत नाहीत. ‘तिला टाटाला नेलं’ एवढे म्हटले की ऐकणारा उमजतो आणि आवाज खाली आणतो. मेहरबाई टाटांच्या स्मरणार्थ १९४१ साली परळला उघडलेल्या त्या रुग्णालयाचे नाव महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत व्याधीचाच पर्याय होऊन बसावे, यात दहशत आहे तशी कृतज्ञताही आहे. मूळच्या गोव्याच्या, तेथेच आयुष्य वेचलेल्या डॉ. अर्नेस्ट बोर्जिस यांचे नाव दाराशीच्या रस्त्याला आहे. आणि तेथून फार लांब नसलेल्या दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत आजही चंद्रपूरची, जळगावची, बिहारची माणसे एका ओळीत वळकट्या टाकून आपल्या तारखेची वाट पाहत असतात. ही सारी व्यवस्था माणसाला वाचवण्यासाठी आहे आणि ती आपले काम करते. वाचलेल्या माणसाचे पुढे काय, हा प्रश्न मात्र कोणत्याही दफ्तरात स्वतंत्र सदराखाली नोंदलेला नसतो.

तो प्रश्न पूर्वी पडत नसे, कारण वाचणाऱ्या थोड्या होत्या. फॅनी बर्नी या इंग्रज लेखिकेवर १८११ साली पॅरिसमध्ये भूल न देता स्तनच्छेदाची शस्त्रक्रिया झाली; ती त्यानंतर १८४० पर्यंत जगली, पण त्या दिवसाविषयी बहिणीला पत्र लिहायला तिला कित्येक महिने लागले आणि लिहिलेले परत वाचण्याचे धैर्य तिला झाले नाही. पुढे बाल्टिमोरच्या विल्यम हॉल्स्टेड यांनी १८९४ साली प्रसिद्ध केलेली पद्धत सुमारे पाऊण शतक प्रमाण मानली गेली: स्तन, त्याखालचे छातीचे स्नायू आणि काखेतल्या लसिकाग्रंथी असे सर्व एकत्र काढून टाकायचे. रोग मुळापासून उपटला पाहिजे, ही त्यामागची धारणा होती. पिट्सबर्गचे बर्नार्ड फिशर आणि मिलानचे उंबेर्तो वेरोनेसी यांनी या धारणेला हात घातला, आणि २००२ साली दोघांच्याही वीस वर्षांच्या निरीक्षणांतून सिद्ध झाले की प्रारंभीच्या अवस्थेत केवळ गाठ काढून किरणोपचार दिले तरी आयुर्मानात फरक पडत नाही. आपल्याकडे गाठ उशिरा, मोठी होऊन दाखवली जात असल्याने अजूनही पुष्कळ जणींचा स्तन काढावा लागतो. तो वाचतो तेव्हाही काखेचे काम बऱ्याचदा टळत नाही. आणि या पुस्तकातल्या तक्रारींपैकी निम्म्याहून अधिक काखेपासून सुरू होतात.

अक्काची तक्रारही तेथूनच सुरू झाली. शस्त्रक्रियेनंतर हात खांद्याच्या वर जाईना. कोणीतरी सांगितले म्हणून ती स्वयंपाकघरातल्या भिंतीवर बोटे मुंगीसारखी चढवत नेई आणि जेथे हात थांबेल तेथे पेन्सिलीने रेघ मारी. हे तिने कोणाला कळू दिले नव्हते. डिसेंबर सरताना जुने कालनिर्णय काढून नवे टांगायला मी खिळ्यापाशी गेले तेव्हा त्यामागे चुन्यावर एकावर एक अशा तेवीस रेघा दिसल्या, काही बोटभर अंतराच्या, काही केसाएवढ्या. हात वर गेला. पण आठ महिन्यांनी, घरच्या लग्नात पाण्याच्या कळशा भरल्यानंतर, तो सुजू लागला. काखेतल्या ग्रंथी काढल्या की हातातली लसिका परत वाहून नेणारा मार्ग अरुंद होतो, आणि अशी सूज काही महिन्यांनी वा काही वर्षांनीही येऊ शकते, हे आम्हांला तोवर कोणी सांगितले नव्हते. गावच्या डॉक्टरांनी सांध्याचे दुखणे समजून मलम दिले. उजव्या हातातली पाटली मांसात रुतली तेव्हा सोनाराकडे जावे लागले. त्याने बारीक करवतीने ती दोन ठिकाणी कापली, सवयीने काट्यावर टाकली आणि वजनाची चिठ्ठी लिहून अक्कापुढे सरकवली. ‘मोडायची नाही,’ ती म्हणाली. सोनार ओशाळला. ते दोन तुकडे त्या चिठ्ठीसकट तिच्या गोळ्यांच्या डब्यात अजून आहेत.

सूज प्रारंभीच ओळखली तर आटोक्यात राहते: दाबाची बाही, विशिष्ट तऱ्हेने मर्दन, त्वचेची निगा, विळीवर नारळ खवताना लागलेल्या ओरखड्याचीही ताबडतोब दखल. मात्र या विषयात धास्तीचाही अतिरेक झाला आहे. ‘त्या हाताने काही उचलू नका’ असा सरसकट हुकूम अक्काने नऊ वर्षे पाळला आणि हात जास्तच निकामी करून घेतला. २००९ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात हातसूज असलेल्या १४१ स्त्रियांपैकी निम्म्यांना देखरेखीखाली, बेताबेताने वाढवत, वजने उचलायला लावली होती. त्यांची सूज वाढली नाही, उलट शक्ती वाढली आणि तक्रारी घटल्या. आमच्या बैठकीत ही वार्ता पोचायला आणखी काही वर्षे लागली. आता तेथे बायका पाण्याने भरलेल्या बाटल्या उचलतात, आणि त्यांत माझी बहात्तर वर्षांची बहीण पुढच्या रांगेत असते.

शरीराच्या या कुरबुरींपेक्षा ज्या एका शब्दाने हे हस्तलिखित आरंभापासून अखेरपर्यंत व्यापले आहे, तो शब्द ‘उलटलं तर’ हा आहे. कंबर धरली, उलटलं तर. खोकला पंधरा दिवस राहिला, उलटलं तर. शेजारीण नुसती ‘वाळलीस गं’ म्हणाली तरी उलटलं तर. तारखेच्या आदल्या रात्री झोप येत नाही, तारीख निर्विघ्न पार पडली की चार दिवस अंगणातली तुळससुद्धा वेगळी दिसते, आणि मग पुढच्या तारखेची छाया हळूहळू लांबत येते. वडिलांच्या भाषेत सांगायचे तर ही निर्दोष मुक्तता नव्हे, जामिनावर सुटका आहे, आणि हजेरी चुकवून चालत नाही. ही भीती मनाची दुर्बलता म्हणून झटकून टाकणाऱ्यांना हे ठाऊक नसते की तिला आधार आहे. काही जातीचे स्तनकर्करोग उलटायचे तर पहिल्या तीन ते पाच वर्षांत उलटतात; परंतु संप्रेरकांवर पोसणाऱ्या जातीचा, म्हणजे सर्वाधिक आढळणाऱ्या जातीचा, धोका पाच वर्षांनी संपत नाही. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या, सुमारे ६३ हजार स्त्रियांच्या नोंदींवर आधारलेल्या एका पाहणीत तो विसाव्या वर्षापर्यंत मंदपणे चालू राहिलेला दिसला. आरंभीची गाठ लहान आणि काख स्वच्छ असेल तर कमी, नसेल तर अधिक. ‘पाच वर्षं झाली, सुटलीस’ हे आपल्याकडचे लोकप्रिय आश्वासन त्यामुळे अर्धेच खरे आहे.

याच भीतीपोटी बायका दर खेपेला स्कॅन मागतात, आणि डॉक्टर तो लिहून देत नाहीत तेव्हा आपल्यावर पैसा वा वेळ खर्चायचा नाही अशी त्यांची समजूत होते. वस्तुस्थिती अशी की, लक्षणे नसताना वारंवार हाडांचे, छातीचे, यकृताचे तपास केल्याने आयुष्य वाढते का, हे १९९४ साली इटलीत दोन स्वतंत्र चाचण्यांत पारखले गेले आणि उत्तर नकारार्थी आले. म्हणून नियमाने करायचे ते इतकेच: ठरल्या मुदतीने तपासणी, वर्षातून एकदा राहिलेल्या स्तनाची मॅमोग्राफी, आणि काही आठवडे हटून राहिलेल्या कोणत्याही नव्या तक्रारीची तत्काळ वर्दी. हे दोन मिनिटांत सांगता येते. पण गर्दीच्या ओपीडीत ती दोन मिनिटे कोणाच्या वाट्याची, याचा फैसला होत नाही.

गोळ्यांविषयीचे प्रकरण मी मुद्दाम दोनदा वाचले. टॅमॉक्सिफेन ही स्वस्त आणि जुनी गोळी पाच, काहींना दहा वर्षे घ्यायची असते. पाळी गेलेल्यांना लेट्रोझोलसारख्या दुसऱ्या वर्गातल्या गोळ्या देतात. त्यांनी उलटण्याचा धोका खचित घटतो. परंतु एकीने अंगातून वाफा निघतात, भर बैठकीत घामाच्या धारा लागतात. दुसरीने सकाळी बोटांची मूठ वळत नाही, हाडे विरळ होतात, त्यासाठी घनता मोजावी लागते. ‘मला काही होत नव्हते तेव्हा गोळी घेतली की दुखायचे, न घेतली की बरे वाटायचे, म्हणून सोडली’ असे एका बाईने सरळ लिहिले आहे, आणि घरात वा दवाखान्यात हे कोणालाही दीड वर्ष कळले नव्हते. तिला रागावणाऱ्यांपैकी कोणी, दुखण्यावर व्यायाम आहे, औषध आहे, गोळी बदलूनही पाहता येते, हे आधी सांगितले होते काय? दुसरी एक लिहिते की केमोनंतर तळपायांची जाणीव इतकी बोथट झाली की पायातली चप्पल वाटेत गळून पडली आणि ती एका पायाने अनवाणी दूध केंद्रापर्यंत गेली. हातांचेही तेच, गुंडी लागत नाही, सुई ओवत नाही, पेन धरवत नाही.

आता जे कोणी बोलत नाही त्याविषयी. काढलेल्या स्तनाच्या जागी पदराखाली काय ठेवायचे, हा प्रश्न प्रत्येकीने एकटीने सोडवला आहे. सिलिकोनचे महाग कृत्रिम अंग सर्वांना परवडत नाही. सुती धाग्याने विणलेले हलके अंग काही सेवाभावी स्त्रिया विनामूल्य देतात. आमच्यातल्या एका ‘जुनी’ने सव्वीस वर्षांपूर्वी मलमलीच्या पिशवीत मोहरी भरली, मोहरी घरंगळते, आकार धरते आणि वजनही देते. पाऊस सुरू झाला की ती पिशवी उसवून मोहरी उन्हात वाळवावी लागे, आणि सासूने विचारले तर ‘लोणच्याची’ म्हणून सांगायचे. तिच्या शिंप्याला मात्र सारे ठाऊक होते. तो न विचारता एका बाजूची बाही सैल शिवून देई आणि माप घेताना भिंतीकडे पाही. या पुस्तकात सहृदय पुरुष थोडे आहेत, त्यांत मी त्या शिंप्याला अग्रमान देईन.

अंथरुणे वेगळी झाल्याचे सात जणींनी लिहिले आहे. त्यांपैकी कोणीही नवऱ्याला दोष दिलेला नाही. तो घाबरला, मी लाजले, मग सवय झाली, इतकेच. उपचारांनी अकाली आलेल्या रजोनिवृत्तीमुळे कोरडेपणा येतो, समागम दुःखद होतो, त्यावर साधे इलाज आहेत; पण हा प्रश्न विचारायला स्त्रीला शब्द नाही आणि डॉक्टरला सवड नाही. भारतात हा रोग पाश्चात्त्य देशांच्या मानाने सुमारे दशकभर आधीच्या वयात गाठतो, त्यामुळे मूल हवे असलेल्या तरुणीही यात आहेत. त्यांच्यासाठी २०२३ साली एक आशेची वार्ता आली: पाचशेहून अधिक तरुण स्त्रियांनी गर्भधारणेसाठी दोन वर्षांपर्यंत गोळी थांबवली, आणि सुमारे साडेतीन वर्षांच्या निरीक्षणात त्यांचा रोग उलटण्याचे प्रमाण वाढलेले दिसले नाही. पुढची वर्षे अजून पाहायची आहेत.

आणि नावे का नाहीत, तर मुलींसाठी. स्तनकर्करोगांपैकी पाच ते दहा टक्केच स्पष्टपणे आनुवंशिक असतात. त्यांतले बीआरसीए नावाचे दोन जनुक १९९४ आणि १९९५ साली हाती आले आणि आता रक्तावरून त्यांचा तपास होतो. परंतु स्थळ पाहायला आलेल्या मंडळींना टक्केवारी सांगत बसणार कोण? एका आईने आपली तारीख चुकवली ती मुलीचा साखरपुडा होईपर्यंत. दुसरीने फाइल माळ्यावरच्या पितळी हंड्यात ठेवली. ज्या मुलींना खरोखर तपासाची आवश्यकता आहे त्यांच्यापासूनही ती फाइल लपून राहते, हे त्या आयांना कळते, कळून लपवतात. मला त्यांना उपदेश करवला नाही.

नोकरी, रजा, विम्याच्या अर्जातला तो एक रकाना, खेपांचे भाडे, यांवर पुस्तकात पुरेसे आहे. मी त्यात भर घालत नाही. एक गोष्ट मात्र आग्रहाने मांडते ती व्यवस्थेविषयी. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोगविषयक संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना या रोगाचे नवे निदान झाले. उपचार सुधारतील तसतशा ‘जुन्या’ वाढत जाणार, आणि त्या सर्वांनी आजन्म परळच्या रांगेत उभे राहावे हे शक्यही नाही, इष्टही नाही. फिट्झह्यू मुलन या स्वतः कर्करोगातून उठलेल्या अमेरिकन डॉक्टरांनी १९८५ साली लिहिले की वाचण्याचेही ऋतू असतात आणि प्रत्येकाची निगा निराळी. तेथल्या ‘इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिन’ या संस्थेने २००५ साली शिफारस केली की उपचार संपताना प्रत्येकाच्या हाती एक लेखी आराखडा द्यावा. त्याआधी कितीतरी वर्षे, १९५२ साली, न्यूयॉर्कच्या टेरेस लॅसर या गृहिणीने स्वतःच्या शस्त्रक्रियेनंतर चेंडू, दोरी आणि तात्पुरते कृत्रिम अंग घेऊन इतर स्त्रियांच्या खाटांशी जायला आरंभ केला होता. शल्यविशारदांना ते प्रथम रुचले नव्हते. म्हणजे पाहिजे आहेत त्या दोनच वस्तू, एक कागद आणि एक ‘जुनी’. त्या कागदावर काय झाले, कोणते औषध किती दिले, पुढे काय केव्हा तपासायचे, कशाची वर्दी द्यायची, हे मराठीत लिहिलेले असावे, म्हणजे तालुक्याचा डॉक्टर सुजलेल्या हाताला मलम देणार नाही. अक्काच्या फाइलीत दोनशे अकरा कागद आहेत. असा एकही नाही.

या पुस्तकाच्या अखेरीस तारखांसाठी बारा कोरी पाने जोडलेली आढळतील. छापखान्याच्या मालकांनी खर्चाचे कारण दाखवून ती गाळण्याची विनंती केली होती, ती बैठकीने एकमताने फेटाळली. मग त्यांनी पानांवर रेघा आखून देऊ का म्हणून विचारले, वहीसारख्या, म्हणजे अक्षर सरळ येईल. बायकांनी एकमेकींकडे पाहिले. रेघा नकोत, अक्का म्हणाली, केमोनंतर आमच्यातल्या बऱ्याच जणींचे अक्षर मोठे झाले आहे.